डावा अंगठा

सकाळचे साडेसात. पोह्यांची फोडणी तडतडत होती, ह्यांच्या शर्टाला इस्त्री व्हायची होती, तेवढ्यात दारावर दोन लाथा बसल्या. उघडलं तर शेजारच्या वेणूबाई. उजवा हात पदरात गुंडाळून डाव्या हातानं आवळून धरलेला, म्हणून दार पायानं वाजवलं. पदर लालभडक.

वेणूबाईंनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात अठ्ठावीस वर्षं पेट्या भरल्या आणि कसब्यातल्या ह्या दोन खोल्या स्वतःच्या नावावर घेतल्या. नवरा गेल्यावर दिराचा संतोष 'काकूला सोबत' म्हणून आला. सोबत कसली! पट्ट्याचे वळ मी पाहिलेत. शेवटी त्यांनी गुपचूप सलिल नावाचा एजंट गाठला. खोल्या विकायच्या आणि शहराबाहेर मांजरी गावात अशा घरात राहायचं, ज्याची किल्ली संतोषकडे नसेल. आज अकराला दस्तनोंदणी होती. घेणारा रात्री परदेशी जाणार, म्हणजे आज नाही तर नाहीच.

सलिलनं वेळ फोनवर कळवली. फोन नेमका संतोषच्या हातात.

"वरवंटा घेतला मेल्यानं," वेणूबाई म्हणाल्या. "हात उंबऱ्यावर दाबला. म्हणाला, कर आता सही. तीनदा घातला. तिसऱ्यांदा कडकन आवाज आला, तेव्हा थांबला."

पदर सोडला तर बोटं चार दिशांना. मी गॅस बंद केला. ह्यांनी पोलिसांना फोन लावला, मी सलिलला.

तो आला, पण जिन्यात संतोषनं त्याचं डोकं कठड्यावर आपटलं. भुवई फाटलेली, शर्टावर रक्त. ह्यांनी त्याला आत ओढून कडी लावली. बाहेर संतोष दार फोडत होता.

"काकू, जित्ती ठेवणार नाही!"

पोलीस येईपर्यंत आम्ही चौघं दाराला पाठ लावून उभे. त्याला नेलं, तेव्हा सलिलनं भुवईवर रुमाल दाबत विचारलं, "मावशी, सही कशी करणार तुम्ही?"

"अहो एजंट, नोंदणी कचेरीत अंगठा कुठला घेतात?"

"डावा."

"मग? तुम्ही साक्षीदार आणा. संतोषला हे कुठलं ठाऊक असणार! जन्मात स्वतःच्या नावावर काही घेतलंय का त्यानं?"

दवाखान्यात हाताला फळी बांधली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, आत्ताच.

"दुपारी करा," वेणूबाई म्हणाल्या.

रिक्षा दारात उभी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"केस तेवढे विंचरून द्या. तिथे फोटो काढतात."