बारा धाकटीची हजेरी

माजी विद्यार्थिनींचं मंडळ म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. कॉलेज सुटलं, डिग्री मिळाली, संसार झाले. आता एकमेकींच्या आयुष्यात किती डोकावायचं? वाढदिवसाला तेच ते केकचे फोटो, मुलांचे मार्क, आणि दर संमेलनात 'आपण काय धमाल करायचो ना!' मला आठवतं त्यात धमाल कमी आणि ढेकूण जास्त होते. तरीही पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीसारख्या खाणीच्या गावात राहून, पर्थला जायचं तरी विमान धरावं लागतं अशा ठिकाणाहून, मी त्या मंडळात टिकून होते. त्याचं कारण आमची खोली.

विदर्भातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलात एक रीत होती. तुमच्या खोलीत तुमच्यानंतर जी राहायला येईल ती तुमची धाकटी बहीण. तिची-तुमची भेट झालेली असो नसो, शाखा एक असो नसो, तिने फोन केला की उचलायचा आणि तिने विचारलं की वाट दाखवायची. मी बारा नंबरच्या खोलीत राहिले. माझ्यानंतर त्या खोलीत कितीजणी राहून गेल्या, पण ऑस्ट्रेलियात पोचलेली एकच. ती सिडनीच्या युनीत मास्टर्स करायला आली तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली, खाणीतली इलेक्ट्रिकल इंजिनिअर, आणि ती चोवीस-पंचवीसची. पहिल्याच फोनवर म्हणाली, "ताई, मी पण बाराचीच. अजून त्या खिडकीची कडी लागत नाही." मी विरघळले. मंडळात तेव्हापासून मी बारा थोरली आणि ती बारा धाकटी.

महामारी आली तशी ब्रिस्बेनच्या आमच्या अध्यक्षबाईंनी होस्टेलची हजेरी पुन्हा सुरू केली. होस्टेलात रेक्टरबाई जेवणानंतर जिन्याखाली उभ्या राहून खोल्यांचे नंबर पुकारायच्या, तसं अध्यक्षबाई रविवारी झूमवर पुकारायच्या. आमच्याकडे दुपार, सिडनीकडे दिवेलागण. नंबर आला की 'हजर' म्हणायचं. मी नवऱ्यापुढे या प्रकाराची भरपूर टर उडवली. पण रविवार आला की कामं आटोपून लॅपटॉपपुढे बसायचे, हेही खरं. भारतात जायची विमानं बंद, इकडे राज्याराज्यांच्या सीमा बंद, आणि आमच्यातल्या दोन-तीनजणी अगदी एकट्या राहणाऱ्या. निदान रविवारी तरी कोण आहे आणि कोण नाही ते कळायचं.

त्या हिवाळ्यात सिडनीत कोरोनाचा डेल्टा शिरला. धाकटी गिरावीनला एका घराच्या मागच्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये राहायची. ग्रॅनी फ्लॅट म्हणजे परसात बांधलेली एक खोली आणि मोरी. अभ्यास ऑनलाइन, आणि पोटासाठी एका वृद्धाश्रमात शिफ्ट. गिरावीन कडक नियमांच्या भागात आलं. वर पोलिसांचं हेलिकॉप्टर फिरायचं म्हणे. आणि आमच्या गावात एक रुग्ण नाही. पब भरलेले, फूटीच्या, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या, मॅचला गर्दी, मास्क घालून दुकानात शिरलं तर लोक वळून बघायचे. मी कामावर कोणाला म्हटलं की सिडनीतल्या बहिणीची काळजी वाटते, की उत्तर ठरलेलं: "शी'ल बी राइट, मेट." होईल म्हणे सगळं ठीक! मला त्या वाक्याचा इतका राग यायचा की विचारू नका. हे कोणी ठरवलं?

एका रविवारी हजेरीत धाकटीचा चौकोन काळाच होता. त्यात विशेष काही नव्हतं. शिफ्टवरून आली की ती कॅमेरा बंदच ठेवायची. अध्यक्षबाईंनी पुकारलं, "बारा धाकटी." बारीक, थकलेला आवाज आला, "हजर." आणि त्याच क्षणी कुकरची शिट्टी झाली. शिट्टी झाली तशी, आवाज जिथून येतो त्या चौकोनाला येते ती पिवळी चौकट धाकटीच्या चौकोनाला आली, आणि सिडनीतल्याच केलीव्हिलवालीच्या चौकोनालाही आली. दुसरी शिट्टी. पुन्हा दोन्ही चौकटी एकदम पिवळ्या. मग दोन्ही माइक घाईघाईने बंद झाले.

केलीव्हिलवाली माझ्या वर्गातली. आता नवरा, दोन मुलं, मोठं घर, दारात दोन गाड्या. तेव्हा होस्टेलातली प्रॉक्सीची राणी. सिनेमाला गेलेल्या, गावी पळालेल्या, कोणाला भेटायला गेलेल्या मुलींच्या वतीने ती जिन्याच्या वळणावरून वेगवेगळ्या आवाजात 'हजर' द्यायची. तिच्यामुळे कितीजणींचे संसार उभे राहिले देव जाणे. प्रॉक्सीचे नियम होते: मागणारीला कारण विचारायचं नाही, आणि प्रॉक्सी कधीही फोडायची नाही. फोडणारीशी जिना, मेस, नळ, सगळीकडे बोलणं बंद. हा नियम आम्ही अभ्यासापेक्षा मनापासून पाळला.

म्हणजे तो 'हजर' धाकटीचा नव्हताच. हजेरी संपायची वाट न बघता मी केलीव्हिलवालीला फोन लावला.

"कुकर कसला लावलायस?"

"वरण-भाताचा. का गं?"

"दोन घरांत एकच कुकर?"

तिने खटकन गॅस बंद केला. मग म्हणाली, "मला विचारू नकोस. तुला नियम माहितीय."

"नियम गेला चुलीत. कुठे आहे ती?"

"घरीच आहे. पॉझिटिव्ह आलीय. माइल्ड आहे म्हणाली. म्हणाली, दोन रविवार सांभाळ, कोणाला कळू देऊ नको, कळलं की अर्ध्या तासात अकोल्याला आईपर्यंत जातं. दुसऱ्या लाटेत तिचे मामा गेले ना, आई अजून धड जेवत नाहीत."

"दोन रविवार? म्हणजे मागच्या रविवारीपण तूच?"

"हो. दुसऱ्या फोनवरून, तिच्या नावाने."

मागच्या रविवारी तो 'हजर' ऐकून मी समाधानाने चहा करायला उठले होते. 

"शेवटचं बोलणं कधी झालं तुमचं?"

"काल... नाही, परवा. बोलणं नाही, मेसेज. 'बरी आहे' असा. अगं, तिने मागितली, मी दिली. इतकी वर्षं आपण हेच करत आलोय." तिकडे किल्ल्या वाजल्या. "मी गाडी काढते आणि जाते."

"घरात दोन मुलं आहेत तुझ्या. आणि गेलीस तरी करणार काय, दारात उभी राहणार? थांब, मी बघते."

मी बघते म्हणजे काय बघते? मधे सगळा खंड पसरलेला. मी धाकटीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मेसेज टाकला, 'एक शब्द लिही.' दोन टिका पडल्या, निळ्या होईनात. मी स्वतःची समजूत घालत होते: झोपली असेल. औषध घेतलं असेल. फोन सायलेंटवर असेल. मग मलाच मी म्हणाले, बाई गं, तू रोज खाणीत लोकांना सांगतेस की तार बंद आहे असं वाटतंय म्हणून हात लावायचा नसतो, तपासायचं असतं. आणि इथे वाटण्यावर चाललीयेस?

नवरा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. शिफ्ट संपवून तो दारात शिरला तो मी त्याच्यावर सगळं ओतलं. त्याने बूटही काढले नाहीत.

"बोटाला लावायचं मशीन आहे का तिच्याकडे? ऑक्सिजनचं?"

"मला काय माहीत!"

"या आजारात माणूस मेसेज करतो 'बरी आहे', आणि आत ऑक्सिजन उतरत असतो. त्यालाही पत्ता नसतो. ट्रिपल झीरोला फोन कर, ॲम्ब्युलन्स पाठवतील."

"पोलीस येतील. ती स्टुडंट व्हिसावर आहे. घरमालकिणीने तो ग्रॅनी फ्लॅट कसा भाड्याने दिलाय कोण जाणे. वृद्धाश्रमातली नोकरी जाईल. आणि नुसती झोपलेली निघाली तर?"

"तर झोपलेली निघेल," तो म्हणाला.

हे त्याला सोपं होतं. तो आमच्या जिन्यावर कधी उभा राहिलेला नाही. मी हातात फोन धरून स्वयंपाकघरात फेऱ्या मारत राहिले. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी तिच्या जिवाइतकीच भीती याची वाटत होती की ती धडधाकट दार उघडेल, आणि परक्या देशात तिच्या दारात गणवेशातली माणसं उभी केल्याबद्दल मला जन्मभर माफ करणार नाही. इतकी हलकी भीती. पण होती. नवरा काही बोलला नाही, नुसता दाराला टेकून उभा होता. शेवटी त्याच्या त्या न बोलण्याचाच मला राग आला, आणि त्या रागात मी नंबर दाबला.

पत्ता मला पाठ होता, कारण दिवाळीला चिवड्याचं पार्सल मीच पाठवायचे. मागच्या बाजूला, कचऱ्याच्या बिन्सजवळून आत. पलीकडची बाई शांत होती. पेशंट शुद्धीवर आहे का? माहीत नाही. श्वास नीट घेतेय का? माहीत नाही. तुम्ही तिच्याजवळ आहात का?

"आय'म इन कालगुर्ली," मी म्हणाले.

पलीकडे कीबोर्ड वाजला. मग ती म्हणाली, "राइट. नो वरीज, लव्ह. वी'ल सेंड समवन." आणि तेव्हा मात्र मला रडू फुटलं.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते मला सांगता यायचं नाही. केलीव्हिलवाली दर थोड्या वेळाने फोन करायची आणि आम्ही दोघी एकमेकींना 'काही कळलं?' एवढंच विचारून ठेवून द्यायचो. मी कांदा चिरला. का चिरला कोण जाणे, भाजी आधीच झालेली होती. बाहेर शेजाऱ्यांच्या परसात बार्बेक्यू चालला होता आणि कोणीतरी मोठमोठ्याने हसत होतं. त्या हसणाऱ्या माणसाचा काही दोष नव्हता, तरी जाऊन त्याचा गॅस बंद करावा असं मला फार वाटलं.

मग धाकटीच्या नंबरावरून फोन आला. मी नाव घेऊन ओरडलेच. पण आवाज पुरुषाचा होता. पॅरामेडिक. फोनवर सगळे मिस्ड कॉल 'ताई'चेच दिसले म्हणून त्याने लावला होता. दार तिने स्वतः उघडलं, पण उभी राहू शकली नाही. ऑक्सिजन बराच खाली आहे, हॉस्पिटलला नेतोय. मागून मला तिचा आवाज आला. वाक्य पुरं होत नव्हतं, दर दोन शब्दांनी श्वास अडकत होता.

"ताई... आईला... नको."

नवऱ्याने ते ऐकलं आणि मान खाली घातली. डॉक्टरची मान खाली गेली की काय समजायचं ते मी इतक्या वर्षांत शिकले आहे.

मी अकोल्याला फोन लावला. तिने नको म्हटलेलं असताना लावला, कारण त्या रात्रीतून ती बाहेर आली नसती, तर तिच्या आईला मी कुठल्या तोंडाने सांगणार होते की मला माहीत होतं? फोन आईंनीच उचलला. मी सावकाश, जमेल तेवढं सांभाळून सांगितलं. त्या किंचाळल्या नाहीत, रडल्या नाहीत. आधी टीव्हीचा आवाज बंद केला. मग विचारलं, "पण मागच्या रविवारी तुमच्या हजेरीत होती ना ती?"

मी ओट्यावरचा चिरलेला कांदा डब्यात भरू लागले.

"तीच सांगायची मला," आई म्हणाल्या, "की आई, तू जिवाला घोर लावून घेऊ नको. आमची दर रविवारी हजेरी होते. मी बोलले नाही तर ताईंना लगेच कळेल. मी तेवढ्यावर रविवारी झोपायची हो."

धाकटी वाचली. पुष्कळ दिवस ऑक्सिजनवर होती, मग घरी आली. केलीव्हिलवाली तिच्या दारात डबे ठेवून यायची, आणि आल्यावर मला फोन करून मी विचारायच्या आधीच सांगायची की दारापर्यंत येताना आता थांबत नाही, खाते, केस गळतायत. नोकरी गेली नाही. घरमालकीण वरमली आणि दूध-भाजी आणून द्यायला लागली. मी ज्या ज्या गोष्टींना घाबरले होते त्यातलं काहीच झालं नाही, एक सोडून.

हॉस्पिटलातून सुटल्यावर तिने मला एकच फोन केला. थँक्यू म्हणाली, परक्या बाईला म्हणावं तसं. मग म्हणाली, "ॲम्ब्युलन्सचं मी समजू शकते. आईचं नाही. मी तुला नको म्हटलं होतं, ताई. माझ्यात तेवढाच श्वास होता, तो मी त्याच्यावर खर्च केला. आई आठ दिवस देवापुढून उठली नाही, तिची शुगर वाढली, तिलाही ॲडमिट करावं लागलं. तिला काही झालं असतं तर?"  आजही मी चूक केली असं मला वाटत नाही, आणि ती चुकीचं बोलते असंही वाटत नाही.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. मंडळातूनही बाहेर पडली. मी अधूनमधून फोन लावते. वाजतो, वाजत राहतो, आणि मग मधेच कट होतो. त्या रविवारी शेवटपर्यंत वाजून आपोआप बंद होत होता. आता कोणीतरी बघून कट करतं. नवरा म्हणतो, तेवढ्यावर समाधान मान. मला ते पुरत नाही, मला ती बोलायला हवी आहे. पण माझ्यावर रागवायला ती आहे, म्हणून मी पुन्हा फोन लावते.