कपाळ नसलेलं चित्र

चित्रातलं कळत नाही असा माणूस आमच्या मंगळवार पेठेत त्या काळी औषधालासुद्धा सापडला नसता. रिक्षावाला रिक्षा थांबवून भिंतीवर रंगवत असलेल्या माणसाला सांगायचा, "पेंटर, नाक जरा डावीकडं गेलंय बघा." आणि पेंटर खरंच मागं सरून बघायचा. म्हणून तालमीनं आबांचं चित्र काढायचं काम दादाला दिलं तेव्हा कुणाला घोर नव्हता. आबा, म्हणजे माझे वडील, त्या तालमीचे वस्ताद. दादा माझा थोरला भाऊ, मुंबईला चित्रकला शिकून आलेला. पोरगं बापाचं चित्र काढणार, त्यात बिघडतंय काय?

आबा त्याआधीच पोटाच्या दुखण्यानं गेले होते. शेवटी शेवटी त्यांनी माडीवरच्या खोलीचं दार लावून घेतलं होतं. आत फक्त आई आणि दादा. मी सासरहून, हातकणंगल्याहून, धावत आले तर आतूनच आवाज आला, "पोरीला दावू नगा मला." पायरीवर बसून रडले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. असला कसला बाप, म्हणून रागही आला. त्यांचे पठ्ठे फळं घेऊन यायचे, तेही खालूनच परत जायचे. पेठेनं आबा पाहिले होते ते फेटा बांधून, छाती काढून रस्त्यानं चालणारे.

चित्राचा कार्यक्रम तालमीसमोर मांडव घालून ठेवला. तालमीत बायकांनी जायचं नाही, आणि आई तर आबा गेल्यापासून चारचौघांत येतच नव्हती. मी समोरच्या घराच्या गॅलरीतून बघत होते. पडदा सरकला. तांबडा काळपट रंग, त्याच्या मधोमध एक मोठा वाकडा डाग. तोंड नाही, मिशी नाही, गदा नाही. खोटं कशाला बोलू, मला तर ती ओल आलेली भिंत वाटली.

पाहुणे म्हणून बोलावलेले एक म्हातारे पैलवान हातात हार आणि कुंकवाचं ताट घेऊन पुढं झाले. अंगठा कुंकवात बुडवला, हात वर नेला आणि तिथंच थांबले. चित्राला कुंकू लावायचं ते कपाळाला. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं आणि दादाला विचारलं, "पैलवान, कपाळ कुठं हाय?"

मांडवभर हशा पिकला. माझा दादा खाली मान घालून उभा होता. असं वाटलं की एकेकाला गॅलरीतून चप्पल फेकून मारावी.

झालं, पेठ पेटली. तालमीच्या कट्ट्यावर तेच, चहाच्या गाडीवर तेच. कुणी म्हणालं, माझी म्हस भिंतीला पाठ घासती तवा असलंच चित्र निघतंय. कुणी म्हणालं, अजून वाळायचंय काय? दैनिकात पत्रं यायला लागली. दादाच्या बाजूनंही माणसं होती, पण बाजूची माणसं जास्त नडली. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी तालमीत येऊन भाषण दिलं की, प्रेक्षकानं चित्रात आकार शोधू नये, अनुभव घ्यावा. त्यावर मागून आवाज आला, "मातीत रोज अनुभव घेतोय की आम्ही! तोंड दावा तोंड!" दोन पठ्ठ्यांची तर गचांडी धरण्यापर्यंत मजल गेली.

दादा कुणालाच काही सांगायचा नाही. मी खोदून खोदून विचारलं तर एवढंच म्हणाला, "आई बघंल की एकदा. मग बोलूया."

शेवटी तालमीतली वडीलधारी माणसं चित्र उचलून आमच्या घरी घेऊन आली. पुढच्या सोप्यात भिंतीला टेकवून ठेवलं. त्यातले एकजण आईला म्हणाले, "वैनी, पेठ भांडून मरायला लागलीय. तुमच्यापरीस कोण वळखणार? एक शबुद बोला. हे वस्ताद हायत का न्हाईत?"

आईनं पदर सावरला आणि चित्रासमोर उभी राहिली. बराच वेळ उभी होती. दादा दाराची चौकट धरून तिच्याकडं बघत होता. मग ती म्हणाली, "न्हाई. ह्ये आमचं माणूस न्हवं."

दादानं चित्र माडीवर नेलं, त्याच कापडावर पांढरा रंग मारला आणि फोटो समोर ठेवून आबा काढले. फेटा, मिशी, खांद्यावर गदा. तालीम खूश! "आता बोलत्यात बघा वस्ताद!" वाजतगाजत नेऊन आत लावलं. आणि दादा मुंबईला गेला तो गेलाच. सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरलं. नाव झालं, पैसा झाला, पण स्वतःचं म्हणून चित्र पुन्हा काढलं नाही. विषय काढला की म्हणायचा, "आईलाबी वळखू आलं न्हाई, मग मला काय येतंय सांग की."

बरीच वर्षं गेली. आई अंथरुणाला खिळली, मी तिला न्हाऊ घालायला येत होते. एक दिवस पाठीवर पाणी ओतत होते, तर तिनं आपणहून विषय काढला. "ते चित्र आठवतंय का गं? बघितल्याबरोबर वळखलं मी. तुझे आबा खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसायचे, पाठीत वाकून. हाडं वर आलेली. तशीच पाठ काढलीती पोरानं."

मी तांब्या खाली ठेवला. "मग न्हाई का म्हणालीस, आई?"

"कुणाला दिसू नये म्हणून दार लावून मेला की गं तो माणूस. आणि ह्यानं त्यांना रस्त्यावर बसवलं. मी काय करायचं होतं?"

दादाला तारेनं बोलावून घेतलं, पण तो यायच्या आत आई गेली. दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर सगळं उरकल्यावर मी त्याला बाजूला बसवलं आणि आईचा शब्द न् शब्द सांगितला. तो नदीकडं बघत बसला. मी म्हणाले, "वरचा रंग खरवडता येईल का रे?"

"न्हाई गं. खालचाबी निघतो."

मग माझ्याकडं वळला. केस पिकलेला, चष्मा लावलेला माझा दादा, शाळेतून निकाल घेऊन आल्यासारखा विचारायला लागला, "म्हंजे जमलंतं म्हण की मला?"

"व्हय रे दादा," मी म्हणाले. "जमलंतं."

त्यानं तोंडावर टॉवेल धरला आणि हुंदके देऊन रडायला लागला. लोकांना वाटलं, आईसाठी रडतोय.