बंद केलेल्या गोळ्या

सुखदेव गजभिये यांनी एकतीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात मशिनं दुरुस्त केली आणि तिथला एक नियम अंगात मुरवून घेतला. दुरुस्तीसाठी मशीन बंद केलं की स्विचवर आपल्या नावाची लाल पाटी लावायची, आणि ती ज्यानं लावली त्यानंच काढायची. साहेब आला, साहेबाचा साहेब आला, तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही. या नियमामुळे किती जणांची बोटं शाबूत राहिली हे ते कोणी न विचारताही सांगत. हल्ली ऐकायलाच कोणी नव्हतं, ते सोडा.

भंडाऱ्याहून आलेला हा माणूस धायरीत तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतो. बायको जया तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगी पूर्वा हिंजवडीत नोकरीला आणि राहायलाही तिथंच. दोन्ही जागा एकाच शहरात आहेत असं म्हणतात. म्हणणाऱ्यानं एकदा संध्याकाळी जाऊन दाखवावं. म्हणून पूर्वा दर रविवारी फोन करते.

"बाबा, जेवलात? गोळ्या घेताय ना?"

"हो."

"बरं, ठेवते मग."

एवढं झालं की सुखदेवांचा रविवार संपतो.

गोळ्या हृदयाच्या. चौदा महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला, म्हणजे तारेच्या जाळीची बारीक नळी. तेव्हा हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "रक्त पातळ करणाऱ्या या दोन गोळ्या मला विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवायच्या नाहीत. जाळीत रक्ताची गाठ झाली तर जिवावर बेतेल." सुखदेवांनी ते वर्षभर इमानेइतबारे पाळलं.

मग दाढ किडली. दातांच्या डॉक्टरनं औषधांची यादी पाहिली आणि दोन नावांखाली रेघ ओढली. "या बंद करा, नाहीतर दाढ काढल्यावर रक्त थांबायचं नाही. पुन्हा कधी सुरू करायच्या ते मी फोन करून सांगतो." सुखदेवांना वाटलं, डॉक्टर-डॉक्टर आपसांत बोलले असतील. आपण कोण मध्ये तोंड घालणारे? पाच दिवसांनी दाढ निघाली. फोन काही आला नाही.

सुखदेव वाट पाहत राहिले. ज्यानं बंद केलं त्यानंच चालू करायचं, हे तर झालंच. पण आणखी एक कारण होतं, आणि ते त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नसतं. कोणाचा तरी फोन आपल्याला येणार आहे, ही गोष्ट त्यांना आवडली होती. आंघोळीला जाताना ते फोन न्हाणीच्या दाराशी स्टुलावर ठेवू लागले.

आठ दिवसांनी ते दातांच्या दवाखान्यात गेले. कुलूप, आणि वर कागद: 'डॉक्टर गावाला गेले आहेत. कधी येतील हे आम्हालाही सांगितलेले नाही. दार वाजवू नये.' त्यांनी दार वाजवलं नाही.

गोळ्या बंद केल्यावरच्या पहिल्याच रविवारी पूर्वाचा फोन आला होता. मागे मैत्रिणींचं हसणं ऐकू येत होतं. "गोळ्या घेताय ना?" सांगावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण पोरीच्या जिवाला काहून घोर लावायचा, असं मनाशी ठरवून ते "हो" म्हणाले. आयुष्यात फारसं खोटं न बोललेल्या माणसाला ते दिवसभर बोचलं. पुढच्या रविवारी थोडं कमी बोचलं.

गोळ्या बंद केल्याच्या तेविसाव्या दिवशी सकाळी, अर्धी दाढी झालेली असताना, छातीत कळ आली. ही कळ त्यांच्या ओळखीची होती. त्यांनी आधी दाराची कडी काढली आणि उंबऱ्यातच बसले. समोरच्या द्वारकाबाई दूध घेऊन वर येत होत्या.

"काय हो गजभिये, जिन्याला पहारा लागतो का हल्ली?" एवढं बोलून झालं आणि त्यांचं लक्ष सुखदेवांच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे गेलं. दूध तिथंच टाकून त्यांनी आरडाओरडा करून माणसं गोळा केली, रिक्षा थांबवली. सिंहगड रोडवर गाड्यांची रांग लागली होती. सुखदेव घामानं भिजले होते. मरणाची भीती वाटत होतीच. पण जिला तीन वर्षांत कधी चहाला बोलावलं नाही त्या बाईच्या खांद्यावर मान टाकून मरायचं, याची लाजही वाटत होती.

ते वाचले. रक्तवाहिनी पुन्हा मोकळी केल्यावर हृदयाचे डॉक्टर म्हणाले, "जाळीतच गाठ झाली होती. वर्ष उलटलं तरी होते. गोळ्या कोणाला विचारून बंद केल्यात?" सुखदेवांनी सगळं सांगितलं. "माझा नंबर फाइलवर आहे हो," डॉक्टर म्हणाले, आणि पुढे रागावले नाहीत.

पूर्वा दुपारी पोचली. डोळे रडून लाल झालेले.

"बाबा, मी दर रविवारी विचारत होते ना? खोटं का बोललात?"

"'हो' म्हटलं की तू फोन ठेवायचीस," सुखदेव म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "मला वाटलं, तुला तेवढंच ऐकायचं असतं."

पूर्वानं त्यांचा हात हातात घेतला. भेटायला दहा मिनिटं दिली होती. पण त्या 'हो'च्या पुढे काय बोलायचं असतं, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.