कुंपणापलीकडची बाबा

मोकळी जमीन दिसली की अस्वस्थ होणारी माणसं मी पुण्यात पुष्कळ पाहिली, पण ती सगळी बिल्डर होती. मोकळ्या जमिनीत लसूण लावलाच पाहिजे, नाहीतर जगाचं काही खरं नाही, असं मानणारं माणूस मला इथे परदेशात, गिरावीनला आल्यावर डाव्या कुंपणापलीकडे भेटलं. आमच्या घरात तिला सगळे ‘बाबा’ म्हणतात. युक्रेनी भाषेत बाबा म्हणजे आजी, आणि तिने माझ्या मुलीला पहिल्याच दिवशी तसं बजावल्यामुळे ‘बाबा आली’, ‘बाबा रागावली’ ही वाक्यं आमच्याकडे बिनदिक्कत चालतात. मी त्या दिवशी जो डॅडी झालो, तो कायमचा.

आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात ती कुंपणावरून आमच्या गवताकडे बराच वेळ बघत उभी होती. ‘‘हे काय?’’ ‘‘लॉन.’’ ‘‘खाता?’’ ‘‘नाही.’’ ‘‘मग गाय आहे?’’ गायही नाही म्हटल्यावर तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं कुठल्याही मॅनेजरने पाहिलेलं नाही. दुपारी ती लसणाच्या पाकळ्या घेऊन सरळ आत आली आणि मी चहा विचारेपर्यंत पंचाहत्तरीला टेकलेल्या या बाईने अख्खा वाफा खणून टाकला होता. तिच्या घरासमोरच्या सरकारी गवतपट्टीवरही तिचं बीट असतं. ते काढा म्हणून सांगायला कौन्सिलचा एक माणूस आला होता. तो बीटाच्या सूपचा डबा घेऊन ‘नो वरीज’ म्हणत परत गेला. जवळच्या वेंटवर्थव्हिलच्या आपल्या भारतीय दुकानात शेपूच्या एवढाल्या जुड्या मिळतात हे तिला बायकोने दाखवलं, तेव्हापासून तर भारतीयांबद्दल तिचं मत फारच उंचावलं आहे. ज्या भाजीच्या वासाने मी लहानपणी घराबाहेर पळायचो, ती आता मला दोन देशांच्या पद्धतीने, आपल्या भाजीत आणि तिच्या सूपात, खावी लागते.

एकदा मुलीच्या हातून पोळीचा तुकडा खाली पडला. बाबाने तो उचलला, ओठांना लावला आणि पक्ष्यांसाठी कुंपणावर ठेवला. मग शांतपणे सांगितलं. तिची आई लहान असताना सरकारी माणसांनी गावातल्या घराघरांतून सगळं धान्य उचलून नेलं होतं. त्या दुष्काळात आईचे दोन धाकटे भाऊ गेले. पुढे महायुद्धात त्याच आईला जर्मनीत शेतांवर राबायला पकडून नेलं. युद्ध संपल्यावर परत जायची भीती, तिथे सरकार तेच होतं. बाबा तिथल्याच छावणीत जन्मली आणि तीन वर्षांची असताना बोटीने इथे आली. तिच्या वडिलांनी इथल्या सरकारच्या करारावर दोन वर्षं रेल्वेचे रूळ टाकले. मग ही जागा घेतली, आधी बटाटे लावले, मग गॅरेज बांधून त्यात राहिले आणि घर अगदी शेवटी. इथे आलेल्या सगळ्या युक्रेनी लोकांनी मिळून रविवारी रविवारी खपून एक हॉल उभा केला. तिथे दर शनिवारी मुलांना आपली भाषा शिकवायचे. पुढे तीस वर्षं हे काम बाबाने केलं. ‘‘जमीन तर बरोबर आणता आली नाही,’’ ती म्हणाली, ‘‘शब्द आणले.’’

युक्रेनमध्ये आत्ताचं युद्ध सुरू झालं, तेव्हा तिथून एक तरुण बाई आणि तिची सात वर्षांची मुलगी बाबाकडे राहायला यायचं ठरलं. बाबाने तीन आठवडे घर घासलं. एअरपोर्टवर मी तिला गाडीने नेलं. त्यांच्या स्वागताच्या रीतीप्रमाणे भरतकामाच्या टॉवेलवर पाव आणि मीठ घेऊन ती तासभर ताठ उभी होती. पाहुण्या आल्या, बाबाने स्वागताची चार वाक्यं म्हटली, आणि ती तरुण बाई खुदकन हसली. लगेच तिचे डोळेही भरले, पण बाबाने फक्त हसू पाहिलं. नंतर कळलं, पाहुणी म्हणाली होती, ‘‘असं माझी पणजी बोलायची. आता कुणी नाही बोलत.’’

चार दिवस बाबा त्यांच्याशी इंग्रजीत बोलली. कुंपणाशी येऊन मला म्हणाली, ‘‘तीस वर्षं मी मुलांना मेलेली भाषा शिकवली.’’ पाचव्या दिवशी ती पाहुणीच एक वही घेऊन वाफ्याशी गेली आणि बाबाच्या शेजारी मातीत बसली. ‘‘पणजीचे शब्द मी लिहून घेतले नाहीत,’’ ती म्हणाली, ‘‘तुझे घेऊ दे.’’ बाबाने आधी तिच्या हातात खुरपं दिलं, मग त्याचं नाव सांगितलं.

दोन वर्षांनी मायलेकी नोकरीसाठी ब्रिस्बेनकडे, स्प्रिंगफील्ड लेक्सला गेल्या. दर शनिवारी फोन येतो. हल्ली बाबा विसरते. परवा शनिवारी दुपारी मला तिच्या आईच्या गावातल्या घराबद्दल सांगता सांगता अडली. एक शब्द येईना. हाताने भिंत दाखवली, तिच्या पायथ्याशी काहीतरी थापून दाखवलं, मग म्हणाली, ‘‘गेला.’’ फोन आला तेव्हा तिने स्पीकर लावून तेच पुन्हा सांगितलं. पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला आणि मग शब्द, ‘‘प्रिझ्बा.’’

बाबाने तो दोनदा म्हणून पाहिला. प्रिझ्बा म्हणजे मातीच्या घराला बाहेरून लागून केलेली बैठक, दिवसभराचं काम आटपलं की टेकायला. तिने स्वतः ती कधी पाहिलेली नव्हती.

‘‘तुमच्यात काय म्हणतात?’’ तिने विचारलं. मी ‘ओटा’ म्हणालो. शेजारी बसलेल्या माझ्या मुलीने मान वर करून विचारलं, ‘‘व्हॉट्स दॅट, डॅडी?’’