पुण्याला न गेलेल्या काचा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायको होती तोवर तिलाही नाही. ती गेल्यापासून सांगलीच्या विश्रामबागेतल्या या घरात सांगायला तरी कोण आहे? एक फ्रिज गुरगुरतो, एक मी. म्हणून तुम्हाला सांगतोय.

मी पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे रोग्याला न भेटणारा डॉक्टर. शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर घेऊन रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायचं, काय झालंय ते. सांगलीत माझ्या शब्दाला वजन होतं. होतं म्हणजे काय — मीच ते येताजाता सगळ्यांना जाणवून द्यायचो. चुकलेल्या ज्युनियरला चारचौघांत सोलून काढायचो. एक मुलगी होती, हुशार, माझ्याच हाताखाली शिकलेली. तिला फक्त हृदयाचे तुकडे वाचायला शिकायचं होतं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "वर्षाला चार तुकडे येतील, बाकीचा वेळ काय लोणची घालणार?" सगळे हसले. तीही हसली. पुढे ती पुण्यात त्याच विषयातली मोठी तज्ज्ञ झाली, आणि लांबलांबचे डॉक्टर तिला काचा पाठवायला लागले.

आता दाजी. शालन माझी धाकटी बहीण, तिचे मालक. साताऱ्याकडचे, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, घरचा ऊस. माणूस लय मोकळा. मला मित्र असे कधी जमलेच नाहीत, आणि माझ्या तिरसटपणाची टिंगल करायची हिंमत जगात फक्त दाजींनी केली. सांगलीत आले की दारातूनच ओरडायचे, "पाव्हणं, आज कुणाला शिव्या घातल्या?" मग भडंगाचा पुडा फोडून बसायचे. मी त्यांची वाट बघायचो. हे त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

त्यांना चक्कर यायला लागली. दम लागायचा, ठोके मध्येच चुकायचे. पुण्याच्या हृदयाच्या डॉक्टरांनी मानेच्या शिरेतून तार घालून हृदयाचे मोहरीएवढे तुकडे काढले. ते तिथंच तपासता आले असते. पण दाजी हटून बसले — घरचा डॉक्टर असताना परक्याकडं कशाला? आपल्याकडं असंच असतं ना? साडी घ्यायची असो नाहीतर हृदय तपासायचं असो, ओळखीचं माणूस लागतं. शालन औषधात ठेवलेल्या त्या तुकड्यांची बाटली मांडीवर धरून एसटीनं सांगलीला आली. त्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, मलाही फोनवर बजावलं होतं: काचा झाल्या की पुण्याच्या मॅडमना दाखवा. हृदयातला रोग कधी कधी ठिपक्याठिपक्यांनी असतो, त्याला सरावाची नजर लागते.

मी काप काढले. बघितले. स्नायू थोडे जाड, बाकी काही नाही. ठोकळ्यात तुकडा अजून बराच शिल्लक होता. आत, आणखी आत कापत जायचं, हे मीच पोरांना शिकवलेलं. तरी थांबलो. का? मला वाटलं, पुरे. मला वाटलं म्हणजे झालं, असंच माझं चालायचं.

बरं, ही झाली चूक. एवढीच असती तर आज तुमच्यापुढं बसलो नसतो.

काचा पाठवायला डबा भरला. वर मॅडमचं, म्हणजे त्याच लोणच्यावाल्या मुलीचं नाव लिहायला घेतलं आणि हात अडला. त्या पोरीला मी विचारायचं? ती बघणार, आणि गोड आवाजात म्हणणार — सर, अजून आत का नाही कापलंत? डबा खणात टाकला. शालनचा फोन आला तेव्हा म्हणालो, "दाखवल्या गं मॅडमना. त्यांचंही तेच मत. काळजीचं काही नाही." पुण्याच्या डॉक्टरांनाही तेच सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? फोनमध्ये मागून दाजी ओरडत होते, "मी म्हनलं नव्हतं का? आमच्या पाव्हण्याच्या म्होरं पुणं काय करतंय!"

हसलो मी. खरंच सांगतो, बरं वाटलं ते ऐकून.

पुढच्या उन्हाळ्यात दाजी उसाला पाणी पाजायला गेले. बांधावर बसले, ते उठलेच नाहीत.

तेरावं करून आलो आणि ठोकळा पुन्हा काप काढायच्या यंत्राला लावला. फार आत जावंच लागलं नाही. गाठी — बारीक, गोल, एकीला एक चिकटलेल्या. नवशिक्यालाही ओळखता याव्यात अशा. सार्कॉइड म्हणतात त्याला. औषधं आहेत. ठोका चुकला तर आतल्या आत झटका देणारं यंत्र गळ्याजवळच्या हाडाखाली बसवतात. दाजी कदाचित वाचले असते. डॉक्टर म्हणून कदाचित म्हणायला हवं. पण खरं सांगू? वाचले असते.

रडलो का? रडलो. पण त्याआधी काय केलं माहितीये? उठून दाराला कडी घातली. कुणी बघू नये म्हणून.

आणि हे मी बोललो असतो कुणाशी? दोन फौजी शिव्या हासडून मग भडंग पुढं सरकवणारा एकच माणूस होता मला. त्यालाच मी घालवलं.

शालन दरवर्षी काकवीची बरणी पाठवते. यंदा स्वतः घेऊन आली. थकलीय. चहा पिता पिता म्हणाली, "दादा, डोळ्याला डोळा लागत न्हाई तवा मनाला एकच सांगती बघ. तू बघितलंस, पुण्याच्या बाईंनी बघितलं. दोन-दोन डॉक्टर. मानसाच्या हातात आनखी काय असतंय? तेवढ्यावरच दिवस काढलं मी."

मी बरणीचं झाकण नीट बसलंय का ते बघत राहिलो.

निघताना ती नेहमीसारखी वाकून पाया पडली. मी पाय मागं घेतले नाहीत.