माधवीचं डोकं आणि माझी शुश्रूषा

माझ्या बायकोच्या डोक्याला मार लागला आणि तो मीच दिला.

(हात नाही हो उगारला! कपाट उघडलं.) इथे आखातात, अल बर्शातल्या आमच्या फ्लॅटमध्ये माधवी ओट्याखालून कुकर काढायला वाकली होती आणि मी वरच्या कपाटात चहाची पावडर शोधत होतो. ती उठली आणि उघड्या दाराचा कोपरा खाडकन डोक्यात!

स्कॅन सुदैवाने नॉर्मल आलं, पण डोकेदुखी मुक्कामालाच आली. डॉक्टर केरळचे. हिंदीत समजावून सांगत होते, "रोज रोज गोली लेंगे तो उसीसे सर दुखेगा. टाइम पे नींद, पानी, मोबाइल कम, गर्दन की एक्सरसाइज, और रोज थोडा वॉक. धीरे धीरे बढाना."

"खलास डॉक्टर, मुझपे छोड दो!" मी इथल्या अरबी थाटात विषय संपवला. माधवीने तेव्हाच डोळे मिटून घेतले.

घरी आल्या आल्या मी ऑफिसला रजा टाकली आणि शांतता प्रस्थापित करायला घेतली. बेलची बॅटरी काढून टाकली. मग किराणावाल्याने दार बुकलून काढलं! पाण्याची आठवण म्हणून दर तासाला मोबाइलवर गजर लावला, तोही ढोल-ताशाचा (मला तेवढाच ऐकू येतो). खिडक्यांवर चादरी टांगून भरदुपारी काळोख केला आणि त्या काळोखात, चवड्यांवर चालत पाण्याचा तांब्या आणताना स्टुलाला अडखळलो. आधी तांब्या पडला, मग स्टूल, मग मी.

"अहो, काय झालं?"

"काही नाही! तू शांत पडून राहा!" मी किंचाळलो.

आमची चौदा वर्षांची इरा धावत आली, एकेक चादर ओढून काढली आणि म्हणाली, "बाबा, डॉक्टर नेव्हर सेड डार्क. अँड यू आर द नॉइज!"

उरला वॉक. संध्याकाळी पार्कमध्ये मी स्टॉपवॉच लावलं. "यल्ला माधवी, चल चल, पाय उचल!" ती चार पावलं चालली आणि थांबली. डोळे भरून आले होते.

"अहो, हे कायमचंच राहिलं तर?"

मी स्टॉपवॉच बंद केलं. कसंबसं म्हणालो, "दार मीच उघडं ठेवलं होतं गं."

"माहितीये." तिने डोळे पुसत विचारलं, "पावडर तरी सापडली का?"

आम्ही दोघंही बाकावर बसून हसत सुटलो. त्यानंतर रोज तिच्या चालीने, तिचा हात धरून, तोंड बंद ठेवून मी चालत राहिलो. हळूहळू दुखणं कमी होत गेलं. दरम्यान माझी रजाही संपली.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, "सबसे जादा फायदा किससे हुआ?"

मी कॉलर नीट केली. माधवीने माझ्याकडे फार प्रेमाने पाहिलं.

"नींदसे हुआ, वॉकसे हुआ," ती म्हणाली, "लेकिन असली आराम तो इनका ऑफिस शुरू होनेके बाद मिला!"

आणि डॉक्टरांनी ते फाइलमध्ये लिहूनसुद्धा घेतलं!