गोदीच्या नावाचं पान

मी आणि माझी धाकटी बहीण गोदी, आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अंबाडीचा दोर वळणं. कडुलिंबाखाली मी पीळ देत होतो, ती समोर बसून अंबाडी पुरवत होती. मधेच ती म्हणाली, "दादा, मले आता धामणगावले धाडू नको. तिथं मले पोटाले भेटत नाही." मी म्हणालो, "चार दिवस सोस." बायको आतून बोलली, "राहू द्या ना त्यांले इथंच." मी तिलाही गप्प केलं. भावकी काय म्हणेल, याचं मला भेव होतं. दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून मीच गोदीला सासरी पोचवलं. मिरगाच्या आत ती गेली. तापानं गेली, असा सांगावा आला, तोही तिला जाळून झाल्यावर.

इंग्रजांनी वऱ्हाड नागपूरच्या सरकारात जोडलं तेव्हा मी दुसरीतून शाळा सोडली. त्यामुळे मला सजवून लिहिता येत नाही. घडलं तसं सांगतो.

गोदी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी जन्मलेली. आमच्याकडे जन्मतारखा कोण लिहून ठेवतो? पण सण असल्यामुळे तिचा दिवस विसरायची सोय नव्हती. त्याच दिवशी घरोघर मेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, पान वाढतात आणि त्या पानावर कोणाला तरी जेवायला बसवतात. गोदीची घागर सासरच्यांनी कधी भरली नाही. नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरी केली. मी भरतो म्हटलं, तर भावकीतले थोरले नारायणदादा म्हणायचे, दिल्या घरच्या लेकीची घागर माहेरात भरत नाहीत. मी मान हलवायचो. तीस वर्षं हलवली. मारुतीला शनिवारी तेल वाहायचं आणि विचारेल त्याला सांगायचं, देवाची मर्जी. देवावर ढकलणं सोपं असतं. तो उलटून बोलत नाही.

मग बायकोही गेली. पुढच्या आखाजीला तिची घागर भरली आणि शेजारी दुसरी मांडली, गोदीची. शेवया, आंब्याचा रस, पोळ्या, सगळं माझ्या हातानं केलं. शेजारची काकू बायकोच्या पानावर जेवली. दुसरं पान कोणाचं हे कळल्यावर हात धुऊन उठली. मी आणखी तीन घरी गेलो. कोणी आलं नाही. घरी येऊन मी मारुतीला शिवी दिली, खोटं कशाला सांगू? म्हटलं, जिवंतपणी उपाशी ठेवलंस, आता मेल्यावरही ठेव. पण उपाशी ठेवायला तिला कोणी पोचवलं होतं, ते मला ठाऊक होतं.

ऐन दुपारी दारात एक बाई उभी राहिली. डोक्यावर बांगड्यांची टोपली. मलकापूरकडची मुसलमान मणेरीण.

"दादा, पाणी देता का? अन् घरात बायामाणसं नाहीत वाटते. बांगड्या दाखवू कोणाले, तुमाले?"

मी गोदीच्या घागरीतलं पाणी दिलं. ती पिता पिता पानाकडे पाहू लागली.

"हे वाढून काऊन ठेवलं?"

"माह्या बहिणीचं आहे. मेली ती. कोणी जेवाले बसत नाही."

"मी बसू का?"

"बाई, तुले चालते का?"

"मले भूक लागली. तुमाले चालते का, ते सांगा."

ती बसली. "रस झकास आहे," म्हणाली, "पन पोळ्या कोन्या गवंड्यानं थापल्या?" कितीतरी दिवसांनी मला हसू आलं, आणि हसता हसता मी तिला सगळं सांगून टाकलं. दोर, गाडी, धामणगाव. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. वाटलं, आता ही म्हणेल, जाऊ द्या दादा. तिनं घास थांबवला आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

"मंग तुमीच मारलं तिले."

मी हो म्हटलं. तिनं पान पुढं सरकवलं.

"शेवया वाढा अजून. तिच्या वाट्याच्या."

मी वाढल्या. तिनं पान पुसून घेतलं, टोपली उचलली आणि उन्हात निघून गेली. मी नाव विचारलं नाही.

तिला कोणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. सणाला बांगड्या खपतात म्हणून ती आली असेल. पण तीस वर्षांत एका माणसानं माझ्या तोंडावर खरं सांगितलं, आणि तरी माझ्या हातचं खाल्लं. मला माफी मिळाली नाही. ती मागायचीच नाही, जे आपल्या हातून झालं ते देवाच्या पायाशी जसंच्या तसं ठेवायचं, एवढं मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मारुतीच्या पारावर गेलो. भावकी बसलेलीच होती. नारायणदादा म्हणाले, "म्हातारपणी डोकं फिरलं का बे तुहं? मणेरणीले पितराचं पान?"

"फिरलं नाही, दादा. गोदी तापानं नाही गेली, उपाशी गेली. मले सांगत होती धाडू नको म्हणून. मीच नेऊन टाकलं तिले."

मी चपला काढून देवळात शिरलो, कालच्या बाईसाठी हात जोडले आणि डोकं टेकलं. ते बराच वेळ उचललं नाही.